चिमट्यात बोट जातंय का? वाचकांचे ग्रॅव्हल बाइकचे प्रश्न

गेल्या अंकात सहज लिहिलं की ग्रॅव्हल बाइकबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि एवढे प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्यच नाही, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळून फक्त गाव ठेवलंय. ज्यांनी ही भानगड अजून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हँडल रोड बाइकसारखं खाली वळलेलं, टायर ३८ ते ५० मिलिमीटर जाड, डिस्क ब्रेक, आणि चढावर पाय फिरत राहतील असे हलके गिअर. डांबरावर बऱ्यापैकी पळते आणि डांबर संपलं तरी उतरावं लागत नाही.

एक आधीच सांगतो. ह्या बाइकबद्दल नेटवर जे काही वाचता-बघता ते बहुतेक अमेरिकेतलं नाहीतर युरोपातलं असतं, तिथले कच्चे रस्ते म्हणजे बरेचदा मशीन फिरवून सपाट केलेले, शेताशेतांतून मैलोनमैल जाणारे. आपल्याकडे डांबर संपतं तिथे परवाच ओतलेली खडी असते, नाहीतर मुरूम, नाहीतर भातखाचराच्या कडेचा चिखल, वरून चार महिने पाऊस आणि समुद्राची खारी हवा. त्यामुळे माझी काही उत्तरं तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंपेक्षा उलटी वाटतील, त्याला इलाज नाही.

प्रश्न: दादा, माझ्याकडे जुनी २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) पडून आहे, पुढे सस्पेन्शन, व्ही-ब्रेक, ३ बाय ८ गिअर. ड्रॉप हँडल लावून तिची ग्रॅव्हल बाइक करावी असं डोक्यात घुसलंय. नवीन घ्यायची ऐपत सध्या नाही. करण्यात अर्थ आहे का? (डोंबिवली)

उत्तर: आहे त्या बाइकमध्ये बदल करण्यात शंभर टक्के अर्थ आहे, ड्रॉप हँडल लावण्यात मात्र मला दिसत नाही. का ते जरा सविस्तर सांगतो कारण हा प्रश्न खूप जणांचा आहे.

पहिली अडचण लांबीची. एमटीबीची फ्रेम सरळ हँडल धरून लांब बनवलेली असते. ड्रॉप हँडल स्वतःच ७०-८० मिलिमीटर पुढे जातं, त्यावर लिव्हरचे हूड (हात टेकायच्या रबरी मुठी) अजून पुढे, म्हणजे हात ठेवायची जागा एकदम लांब पळते, मग तुम्ही आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावता तरी ताणल्यासारखं होतं आणि तासाभरात पाठ बोलायला लागते. दुसरी अडचण ब्रेकची, आणि ही जीवाशी खेळ आहे. व्ही-ब्रेकला केबल जास्त खेचली जावी लागते, रोडचे लिव्हर कमी खेचतात, त्यामुळे एकतर लिव्हर हँडलला टेकतो आणि बाइक थांबत नाही, नाहीतर पॅड रिमला इतके चिकटवून ठेवावे लागतात की चाकाला जरा आऊट आला की घासतंय. मिनी व्ही-ब्रेक लावले तर जमतं, पण त्यांचे दांडे आखूड असल्यामुळे खाली जाड टायर आणि मडगार्ड दोन्ही बसवायला जागा उरत नाही, आणि जाड टायरसाठीच तर हा सगळा खटाटोप होता ना? शिवाय सरळ हँडलची नळी २२.२ मिलिमीटरची आणि ड्रॉपची २३.८ ची, म्हणजे आत्ताचा एकही लिव्हर किंवा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) नव्या हँडलवर चढणार नाही, सगळं नवीन.

गिअरच्या बाबतीत तुमचं नशीब त्यातल्या त्यात बरं. शिमानो कंपनीच्या ७, ८, ९ स्पीडच्या (म्हणजे मागे तेवढ्या चकत्यांच्या) काळात रोड आणि एमटीबीचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा) सारखीच केबल मागायचा, म्हणून ८ स्पीडचा शिमानोचा क्लॅरिस शिफ्टर तुमच्या जुन्या डिरेलरवर चालून जाईल. पुढचा डिरेलर मात्र जुळत नाही.

आता करा काय, तर हँडल सरळच ठेवा, हवं तर मागे थोडं वळलेलं घ्या, आणि पैसे टायरवर घाला. २६ बाय २.० चे मधे गुळगुळीत आणि कडेला बारीक दाणे असलेले टायर लावले की ती बाइक ओळखू येणार नाही. स्वस्तातलं स्प्रिंगचं सस्पेन्शन असेल तर ते काढून साधा कडक चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) लावा, वजन एकदम उतरतं, फक्त नवा चिमटा जुन्याच्या उंचीला धरून घ्या, आखूड लावलात तर पुढून बाइक खाली बसते, हँडल चंचल होतं आणि पॅडल जमिनीला लागायला लागतात. आणि तुमच्या पुढच्या तीन चकत्यांमधली छोटी २२ दातांची असेल आणि मागे ३२, तर तो ०.६९ चा गिअर होतो, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक ०.६९ फेरे फिरतं. लाखभराच्या ग्रॅव्हल बाइकला इतका हलका गिअर सहसा नसतो, तेव्हा तो घालवू नका.

प्रश्न: मी फ्रेमपासून एकेक पार्ट जमवून बाइक बांधतेय. स्टीलची फ्रेम घ्यायचं मनात आहे पण घर वर्सोव्याला, समुद्र पाच मिनिटांवर, आणि जो तो म्हणतो गंजून जाईल. फ्रेम बघताना नक्की काय बघू? (अंधेरी)

उत्तर: ताई, स्टील घ्या, पण तिची आतून काळजी घ्यायची तयारी ठेवा. बाहेरचा गंज दिसतो, त्याला रंगाचा हात मारता येतो, खरा घात आतून होतो. पावसात सीटपोस्टच्या फटीतून पाणी आत उतरतं आणि खाली बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅडलचा आस बसतो त्या डब्यात साचून राहतं. म्हणून फ्रेम उलटी करून त्या डब्याला खाली बारीक भोक आहे का ते बघा. नसेल तर दर जोरदार पावसानंतर सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी टांगायची. बांधायला घेण्याआधी नळ्यांमध्ये आतून गंजरोधक स्प्रे मारा, किंवा रंगाच्या दुकानात डबल बॉईल्ड अळशीचं तेल मिळतं, पेंटर लोक बेलतेल म्हणतात ते, ते आत ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं ओघळू द्या आणि काही दिवस वाळू द्या. ह्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, मोकळ्या पसरून वाळवायच्या.

अॅल्युमिनियम घेतलं म्हणजे सुटलात असंही नाही. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट, किंवा अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचा स्क्रू, अशा जोड्या खाऱ्या दमटपणात एकमेकांना धरून बसतात, मग हातोडी नि शिव्या. म्हणून प्रत्येक आट्याला ग्रीस, सीटपोस्टला ग्रीस, दर दोन-तीन महिन्यांनी एकदा हलवून बघायचं. पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नाही, त्याची वेगळी खरबरीत पेस्ट येते. बाटलीच्या पिंजऱ्याचे, कॅरिअरचे स्क्रू एम५ असतात, नागदेवी स्ट्रीटला स्टेनलेसचे सुटे मिळतात, ए४ ग्रेडचे मागा, समुद्राजवळ ए२ पेक्षा ते जास्त टिकतात. हबच्या बेअरिंगचंही तसंच, बेअरिंगवर ६९०२ वगैरे नंबर असतो, तो नंबर आणि दोन्ही बाजूला रबरी सील एवढं सांगितलं की तिथेच काम होतं.

बॉटम ब्रॅकेट आट्यांचा घ्या, दाबून बसवायचा नको. दाबून बसवलेल्यात चिखलपाणी गेलं की कुरकुर सुरू होते आणि ती काढायला विशेष टूल लागतं. आट्यांच्या बीएसए प्रकारात उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो हे लक्षात ठेवा, नाहीतर सोडवायला जाल आणि आवळत बसाल. एक्सल १२ मिलिमीटरचे, पुढे १०० मागे १४२, म्हणजे चाकं सहज मिळतात. डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर फ्रेमसोबत त्याच दिवशी एक जास्तीचा घ्या, बाइक उजवीकडे पडली की पहिला तोच वाकतो. यूडीएच नावाचा एकसारखा हँगर २०१९ पासून आलाय, तो असलेली फ्रेम मिळाली तर शोधाशोध वाचेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टायर आणि चिमटा ह्यांच्यामधली जागा. कंपनी लिहिते ४५ मिलिमीटर बसतो, पण तो कुठल्या रिमवर ते बघा, आतून २५ मिलिमीटर रुंद रिमवर ४० चा टायर फुगून ४२ भरू शकतो. टायर लावून हवा भरा आणि मागच्या दोन्ही दांड्यांजवळ, पुढे चिमट्यात वरच्या बाजूला, करंगळी आरामात आत जाते का बघा. नाही गेली तर मार्चात काही बिघडत नाही, पण जुलैत पहिल्या चिखलात चाक जाम होईल आणि दांड्याचा रंग, कार्बन असेल तर दांडाच, खरवडला जाईल. मडगार्ड लावायचं असेल तर अजून जागा हवी. मी तर म्हणेन की फ्रेमचं वजन, रंग, नाव हे सगळं ह्या करंगळीनंतर बघा.

प्रश्न: पुढे एक चकती की दोन? मित्रांमध्ये ह्यावरून भांडणं झालीत. मी येऊर करतो, माळशेज करायचाय, सामान लावून. (ठाणे)

उत्तर: भांडण गणिताने मिटवू. ७०० बाय ४० च्या टायरचा घेर साधारण २.१८ मीटर धरा. चढावर दमल्यावर मिनिटाला ६० पॅडल मारता असं धरू. रोड बाइकचा पुढे ३४ मागे २८ असा गिअर असेल तर तुम्हाला ताशी साडेनऊ किलोमीटर वेग ठेवावाच लागतो, त्याखाली पाय अडकायला लागतात. पुढे ४० मागे ४२ असेल तर साडेसात. पुढे दोन चकत्या ४६/३० आणि मागे ३४ असेल तर सातच्या जरा खाली. आणि पुढे एकच ३८ नि मागे ४८ असेल तर सव्वासहाच्या आसपास. सामान लादून खडीच्या चढावर सव्वासहा आणि साडेनऊ ह्यात बसून जाणं आणि उतरून ढकलणं एवढा फरक आहे.

दोन चकत्यांचा फायदा असा की गिअर जवळजवळ असतात, सपाटीवर पायांची लय मोडत नाही, आणि आपल्याला ट्रेलपर्यंत पोचायलाच चाळीसेक किलोमीटर डांबर तुडवावं लागतं तेव्हा तो फायदा खरा आहे. एका चकतीचा फायदा म्हणजे पुढचा डिरेलर नाही, त्यात चिखल अडकायला जागा नाही, केबल एक कमी, डोकेदुखी एक कमी. वरच्या टोकाला वेग कमी पडेल म्हणतात, तर ३८-११ वर मिनिटाला ९० पॅडलला चाळीसचा वेग मिळतो, घोडबंदर रोडवर चाळीसच्या वर कोणाला आणि कशाला जायचंय हे मला कळलेलं नाही. मी एका चकतीच्या बाजूचा, ३६ नाहीतर ३८.

पार्ट जुळवताना सांभाळा. शिमानोचा रोडचा १० स्पीड शिफ्टर आणि एमटीबीचा १० स्पीड डिरेलर, नंबर सारखा असला तरी जुळत नाहीत, गिअर जागेवर बसतच नाही. जुन्या १० स्पीड रोड शिफ्टरवर ९ स्पीडचा एमटीबी डिरेलर चालतो, हा जुना जुगाड आहे आणि चांगला आहे. शिमानोचाच रोडचा टिआग्रा ४७०० मात्र ह्यात धरू नका, १० स्पीड असूनही त्याची केबल ११ स्पीड रोडसारखी खेचली जाते, त्याला जीआरएक्सचा आरएक्स४०० डिरेलर बसतो. जीआरएक्स ही शिमानोची खास ग्रॅव्हलसाठीची मालिका, २०१९ ला आली, त्यातही ११ स्पीडमध्ये आरएक्स८१० मागे ३४ दातांपर्यंतच घेतो आणि आरएक्स८१२ पुढे एकच चकती असेल तर ४२ पर्यंत, तेव्हा कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) आधी आणि डिरेलर नंतर असं उलटं करू नका. बजेट कमी असेल तर मायक्रोशिफ्टचा अॅडव्हेंट एक्स बघा, १० स्पीड, मागे ११-४८, ड्रॉप हँडलचे शिफ्टर मिळतात. दिखाऊ नाही, काम करतो. काहीही घ्या, डिरेलर क्लचवाला (चेन ताणून धरणारा) घ्या, नाहीतर खडीवर चेन फ्रेमवर थाडथाड आपटत राहते आणि पुढे एकच चकती असेल तर पडते सुद्धा.

प्रश्न: वय ५८. ग्रॅव्हल बाइक घेतली पण दीड-दोन तासांनी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. मुलगा म्हणतो महागडं कार्बन हँडल लावा, हादरे कमी होतील. (दादर)

उत्तर: काका, हँडलला आत्ता हात लावू नका, आधी टायरची हवा कमी करा. पुष्कळ लोक रोड बाइकच्या सवयीने ७०-८० पीएसआय भरतात, ४० च्या टायरला त्याच्या निम्मं पुरतं, आणि हादरे जितके टायर खातो तितके कुठलंच हँडल खात नाही. मग सीटचं नाक खाली झुकलंय का बघा, झुकलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि सगळा भार तळहातावर येतो. मग स्टेम दहा-वीस मिलिमीटर आखूड किंवा थोडा वर. हँडलटेप दुहेरी गुंडाळा, टेप मुळातच जाड असेल तर एकेरी. करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस तळहाताच्या टाचेशी दबते, म्हणून मनगट मागे मोडून धरू नका आणि हात सारखे बदलत राहा, ड्रॉप हँडलचा तोच तर फायदा. खाली बाहेर पसरलेलं १२ ते १६ अंशांचं हँडल खडीच्या उताराला बरं वाटतं, पण ते नंतर. एवढं करूनही बाइकवरून उतरल्यावर मुंग्या राहत असतील तर सायकलवाल्याला नाही, डॉक्टरला विचारा.

प्रश्न: ट्यूबलेस करावं का? इथला पंक्चरवाला म्हणतो फालतू आहे, ट्यूबच बरी. आणि टायर कुठला, दाणेदार की साधा? (अलिबागहून, मूळचे परळ)

उत्तर: तुमच्याकडे बाभळीचे काटे आहेत, करा ट्यूबलेस. काटा गेला की आतलं लेटेक्सचं पाणी, सीलंट, भोक बुजवतं, बरेचदा तुम्हाला घरी गेल्यावर कळतं. शिवाय हवा कमी ठेवता येते कारण ट्यूब रिममध्ये चिमटून फुटायची भीती नाही.

पंक्चरवाला अगदीच चुकीचा नाही म्हणा, कारण ट्यूबलेस म्हणजे लावलं आणि विसरलं असं नसतं. ४० च्या टायरला साधारण ६० मिलिलिटर सीलंट लागतं आणि आपल्या उकाड्यात ते लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हची सुई काढून आत काडी घालून ओल आहे का बघायचं आणि कमी असेल तर ओतायचं. हे ज्याला जमणार नाही त्याने खरंच ट्यूबच ठेवावी. पहिल्यांदा टायर बसवताना साध्या पंपाने बसत नसेल तर कडेला साबणाचं पाणी लावा, आणि पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरने एकदम हवा मारा, त्यासाठी प्रेस्टा (सायकलच्या बारीक) व्हॉल्व्हवर बसणारी पितळेची टोपी खिशात ठेवा, स्वस्तातली वस्तू पण ऐनवेळी मिळत नाही. मीटरवर लक्ष ठेवा हं, कॉम्प्रेसरवाल्याला मोटारसायकलची सवय असते. रिम हुकलेस (टायर धरायला आत वळलेली कड नसलेली) असेल तर ५ बार म्हणजे ७२ पीएसआयच्या वर जायचंच नाही, टायरवर त्याहून कमी लिहिलं असेल तर तो आकडा खरा.

हवा किती, तर ७० किलोचा माणूस, ४० चा ट्यूबलेस टायर: पुढे ३२-३५, मागे ३६-४० पासून सुरुवात करा आणि आपल्या अंगाने ठरवा. ट्यूब असेल तर पाचेक जास्त.

टायरचं म्हणाल तर मधे गुळगुळीत, कडेला दाणे, आणि बाजूची भिंत जाड. ही बाजूची भिंत आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकेत कॅन्ससला ग्रॅव्हल बाइकची २०० मैलांची अनबाउंड नावाची रेस २००६ पासून होते, तिथे चकमकीच्या दगडाने टायरच्या बाजू फाटतात म्हणून लोक जाड टायर लावतात, आणि आपली नवी टाकलेली काळ्या दगडाची खडी क्रशरमधून ताजी आलेली, धारदार, चाळीस-पन्नास मिलिमीटरची, ती काही मवाळ नाही. हलका रेसचा टायर घेतलात तर तो पहिल्या खडीकरणाच्या रस्त्यावर उभा चिरेल आणि ती चीर सीलंटने बुजत नाही. म्हणून ट्यूबलेस असला तरी एक ट्यूब, आणि जुन्या टायरचा कापलेला तळहाताएवढा तुकडा सोबत ठेवायचा, चिरेवर आतून लावून वर ट्यूब भरली की घरी येता येतं. रुंदी फ्रेममध्ये बसेल तेवढी, ४० च्या खाली नको. मुंबईतल्या पेव्हर ब्लॉकच्या फटींसाठी सुद्धा नको.

प्रश्न: मुलगा नववीत आहे, पार्ट आणून स्वतः बाइक बांधायची म्हणतो, स्वस्त पडेल म्हणे. (मुलुंडहून एक आई)

उत्तर: स्वस्त पडत नाही हो. सुटे पार्ट घेऊन बांधलेली बाइक तयार बाइकपेक्षा जवळपास नेहमीच महाग जाते, टूल धरले तर आणखी. त्यात त्याची उंची वाढतेय, फ्रेम दोन वर्षांत लहान होईल, आणि पुढे होईल म्हणून आत्ता मोठी घेतली तर आत्ताच धडपडेल. सेकंडहँड तयार बाइक बघा. हँडलच्या मागे नळ्या जुळतात तिथे रंगाला बारीक भेग, वाकलेला हँगर, आणि सीटपोस्ट हलतो का, एवढं तपासा. आणि बांधायची हौस असेलच तर सुट्टीत तीच बाइक पूर्ण खोलून ओव्हरहॉल करू द्या, शिकेल.

प्रश्न: पावसाळ्यात चालवावी की गुंडाळून ठेवावी? ब्रेक पॅड महिन्यात संपले, आणि किंचाळतात. (विरार)

उत्तर: गुंडाळून ठेवायची तर ग्रॅव्हल बाइक घेतली कशाला. पण पॅड बदला. बाइकसोबत बहुतेक वेळा रेझिनचे पॅड येतात, ते शांत असतात, चावतात चांगले, पण पाणी आणि बारीक वाळू मिळून त्यांना सहाणेवर चंदन उगाळावं तसं उगाळतात. मेटलचे, म्हणजे सिंटर्ड पॅड पावसात खूप जास्त टिकतात, थोडा आवाज करतात, करू द्या. फक्त आधी डिस्कवर बघा, काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन पॅडसाठी असं कोरलेलं असतं, त्यावर सिंटर्ड लावले तर डिस्कच खाऊन टाकतात. नवे पॅड लावल्यावर रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन हळू होणं असं पंधरा-वीस वेळा करा, पूर्ण न थांबता, म्हणजे पॅड डिस्कवर बसतात आणि किंचाळणं बरंच कमी होतं. आणि ज्या घरात डब्ल्यूडी-४० चा डबा आहे त्या घरात तो ब्रेकपासून लांब ठेवा, एक फवारा डिस्कवर उडाला की पॅड गेले.

केबलचे डिस्क ब्रेक असतील तर कव्हरमध्ये पाणी जाऊन केबल जड होते, दर पावसाळ्याआधी केबल नि कव्हर दोन्ही बदला, केबलचे असूनही दोन्ही बाजूंनी दाबणारे कॅलिपर येतात, टीआरपी स्पायरसारखे, ते एका बाजूने दाबणाऱ्यांपेक्षा बरे, पॅड सारखे झिजतात. ऑइलचे असतील तर कटकट कमी, पण कुठल्या ब्रेकला मिनरल ऑइल आणि कुठल्याला डॉट (गाड्यांचं ब्रेक फ्लुइड) ते लिव्हरवरच लिहिलेलं असतं, एकाच्या जागी दुसरं घातलं की सील फुगून ब्रेक बाद.

चेनला पावसात ओल्या हवामानाचं घट्ट तेल, उन्हाळ्यात पातळ. घरी आल्यावर बादली नि मग, प्रेशरच्या पाइपाने धुवायचं नाही, बेअरिंगमध्ये पाणी घुसतं. मग चेन पुसायची, वाळल्यावर तेल, आणि जास्तीचं परत पुसून टाकायचं, हे शेवटचं कोणीच करत नाही आणि मग सगळी वाळू चेनला चिकटते. चेन मोजायची पट्टी घ्या, ११-१२ स्पीडला ०.५ आणि १० किंवा कमी स्पीडला ०.७५ दाखवली की बदला, नाहीतर कितीतरी महाग कॅसेट सोबत जाते. मडगार्ड डांबराच्या पावसासाठी हवंच, पण वसईच्या शेताडीतल्या चिकट मातीत ते काढून जा, माती टायर आणि मडगार्डच्या मधे दाबून बसते.

प्रश्न: हे सगळं ठीक, पण मुंबईत चालवायची कुठे? (गिरगाव)

उत्तर: बरोबर विचारलंत. कोस्टल रोड, सी लिंक, अटल सेतू सायकलला बंद आहेत तेव्हा तो विषय सोडा. जवळचं म्हणाल तर मार्वेवरून तरीने मनोरी, तिथून गोराई, उत्तन, आणि भाईंदरला बाहेर, त्यात डांबर, पेव्हर, वाळूकडचा कच्चा असं सगळं थोडं थोडं मिळतं, नव्या बाइकची हवा नि सीटची उंची ठरवायला उत्तम. चढ आणि दगड हवे असतील तर वसईचं तुंगारेश्वर, देवळाकडे जाणारा कच्चा रस्ता ओढे ओलांडत जातो, अभयारण्य आहे म्हणून वेळेचे नियम पाळा, आणि भर पावसात ओढ्याला पाणी चढलं असेल तर नाद सोडून परत फिरा. बदलापूरकडून बारवी धरण आणि आजूबाजूची गावं, तिथे खडीकरणाचे भरपूर रस्ते. तानसा-वैतरणा बाजूचे पाइपलाइनचे रस्ते बघून मोह होतो पण ते महापालिकेचे आहेत, परवानगीशिवाय घुसू नका.

माझा आवडता म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, बाइक सोबत जाते, तासाभरात पलीकडे, मग किहीम, नागाव, रेवदंडा असं मोठ्या रस्त्याला कमीत कमी लागून वाड्यांमधून जायचं. समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूवर चालवायचा मोह आवरा, आवरला नाही तर परतीच्या बोटीत बसायच्या आधी मांडव्याला गोड्या पाण्याच्या दोन बाटल्या चेन, डिस्क नि हबवर ओता, घरी पोचेपर्यंत थांबलात तर चेनवर तांबूस रंग दिसायला लागलेला असेल. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या फेरीचं तिकीट आधीच काढा, आणि तिकीट काढताना सायकल आहे हे सांगा.